हार उलटा केला तरी

आकड्यापुढे उद्गारचिन्ह मी पहिल्यांदा पाहिलं ते अकरावीच्या पुस्तकात. 5! असं छापलं होतं. मला वाटलं, छापखान्याची चूक असावी. नाहीतर लिहिणाऱ्यालाच त्या पाचाचं भारी आश्चर्य वाटलं असावं! पुढे कळलं की याला फॅक्टोरियल म्हणतात. पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे 120. रेशनच्या दुकानापुढे पाच बायका रांगेत उभ्या करायच्या तर 120 तऱ्हांनी करता येतात. मग मात्र ते उद्गारचिन्ह मला रास्तच वाटलं.

"आर्ट्सला जाऊन गणित घेतलंस?" असं मला अजूनही विचारतात. खरं कारण सांगायचं तर अमुक विषय घे असं सांगणारं आमच्या घरात कुणी नव्हतं, आणि घेऊ नकोस असं म्हणणारंही नव्हतं. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात, आई देवळाच्या पायऱ्यांपाशी हार विकते. कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशाच्या अर्जावर विषयांच्या रकाने होते, त्यांत मला ओळखीचा वाटला तो गणित. आकडे तरी घरात होते.

पण परम्युटेशन-कॉम्बिनेशन, म्हणजे आपल्या मराठीत क्रमचय आणि समचय, या जोडगोळीने माझी पुरती दमछाक केली. अकरावीत आम्ही एकच मंत्र पाठ केला होता : क्रमाला महत्त्व असेल तर 'पी', नसेल तर 'सी'. मंत्र सोपा आहे. पण क्रमाला महत्त्व आहे की नाही हे उदाहरणात कुठे लिहिलेलं असतं? दहा जणांतून तिघांची समिती निवडा म्हटलं की उत्तर येतं 120. त्याच दहांतून अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडा म्हटलं की 720. माणसं तीच, खुर्च्या दिल्या की एका समितीच्या सहा समित्या! (स्नेहसंमेलनाच्या वेळी आमच्या कॉलेजात हे सर्वांनी प्रत्यक्ष पाहिलेलंच आहे, तेव्हा जास्त लिहीत नाही.)

यंदा दुसऱ्या वर्षाला तोच धडा पुन्हा आला, चांगला वाढून, अंगापिंडाने भरून. त्यात गोल टेबल आलं. गोल टेबलाभोवती पाच माणसं किती तऱ्हांनी बसतील? ओळीत 120, पण टेबलाभोवती फक्त 24. कारण सगळ्यांनी एकेक खुर्ची सरकून बसलं तरी शेजारी तेच राहतात. म्हणून एकाला जागेवर खिळवून टाकायचं आणि उरलेल्या चौघांना बसवायचं, 4! म्हणजे 24.

गोल टेबलाशी जेवायला मी आजवर बसलेली नाही. पण आमच्या घरी रात्री ताटं गोलच मांडतात, आणि अण्णांची जागा भिंतीशी ठरलेली असते. पुस्तकातला तो खिळवलेला माणूस म्हणजे अण्णा! उरतो आम्ही तीन भावंडं, तेव्हा तऱ्हा सहा. त्या सहाच्या सहा आम्ही आठवड्याभरात भांडून पुऱ्या करतो. आई सगळ्यांच्या मागून जेवते. तिला मोजायचं की नाही हे पुस्तकात दिलेलं नाही.

टेबल सुटलं आणि पुढचंच उदाहरण आडवं आलं. सात वेगवेगळ्या फुलांचे किती निरनिराळे हार होतील? मी हसलेच. हार आमच्या घरचे! टेबलासारखंच गोल आहे म्हणून झटकन 6! केलं, उत्तर काढलं 720. मागे पाहिलं तर छापलेलं 360. या खेपेलाही मला छापखान्याचाच संशय आला.

रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी संकष्टी, म्हणून आई झेंडूची रास पुढे घेऊन ओवत बसली होती. मी सात फुलांचा नाद सोडला आणि चार घेतली : पिवळा झेंडू, केशरी झेंडू, गुलाब आणि शेवंती. पिवळा झेंडू अण्णांसारखा वर खिळवला, बाकी तिघांची अदलाबदल केली, आणि सहा छोटे हार ओवून फरशीवर ओळीने मांडले. सहाच्या सहा वेगळे दिसत होते. आईने सुई न थांबवता विचारलं,

"ही काय पोरखेळ मांडलाय गं?"

"गणित आहे. चार फुलांचे हार किती होतात बघतेय. सहा झाले."

"सा कुठं? तीनच हैत की."

तिने एक हार उचलला, पालथा केला आणि दुसऱ्यावर ठेवला. फुलावर फूल बसलं. एकात उजवीकडून केशरी, गुलाब, शेवंती होतं. दुसऱ्यात शेवंती, गुलाब, केशरी. मग दुसरी जोडी, मग तिसरी. "हार उलटा केला तरी त्योच असतो. उगा तीन दोरे वाया घालवलेस."

टेबल उलटं करता येत नाही, माणसं खाली पडतील. हार उलटा करता येतो. सगळा फरक एवढाच! म्हणून 720 चे निम्मे, 360. पुस्तकात याचं सूत्र दिलं होतं आणि ते मी दोनदा वाचलंही होतं. पण वाचलेलं दिसतंच असं नाही. आई पुन्हा ओवायला लागली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पण असा बिनगोंड्याचा हार घेतं कोण?"

दुसऱ्या दिवशी सरांनी नेमकं तेच उदाहरण फळ्यावर घातलं. वर्गात आम्ही अकरा जण. दोघातिघांनी 720 सांगितलं. मी उठून 360 म्हटलं आणि कारणही सांगितलं. सर खूष झाले. म्हणाले, "शाबास! कुठं वाचलंस हे?"

झेंडू ओवून बोटांची टोकं हिरवट-पिवळी होतात, दोन दिवस साबणाने जात नाहीत. मी हात ओढणीत घेतले आणि म्हटलं, "गाईडमध्ये, सर."

संध्याकाळी आईने विचारलं, "सांगितलंस का तुझ्या सरांना, हार उलटा केला ते?" मी म्हटलं, "हो." हे अर्धंच खोटं होतं, आणि अर्धं खोटं जास्त टोचतं असा माझा तरी अनुभव आहे.

त्याच आठवड्यात सरांच्या सांगण्यावरून मी ग्रंथालयातून भास्कराचार्यांची 'लीलावती' मराठी भाषांतरासह घरी आणली. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा, लीलावती 1150 ची, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेली. तिच्या शेवटी 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे आणि त्यात आमचा हाच धडा आहे! शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, पाश, अंकुश, सर्प, डमरू वगैरे, अदलून बदलून दिली तर मूर्ती किती होतील? 36,28,800. मी हिशेब केला : सेकंदाला एक मूर्ती पाहिली तर रात्रंदिवस बसून बरोबर 42 दिवस लागतील. विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख, तर 24. केशव, नारायण, माधव ही संध्येतली चोवीस नावं आणि त्या नावांच्या मूर्ती याच अदलाबदलीच्या, हे सरांनी सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी सहा रसांचं उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट वगैरे एकेक, दोनदोन, तीनतीन असे मिसळत गेलं तर 63 प्रकार होतात. हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "साही एकत्र घातले तर ती भाजी गिळंल कोण?" हाराचं उदाहरण मी अंकपाशात शोधलं. नाही सापडलं.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याचा तो लेख. त्यात त्या घराण्याची नामावळी आहे. त्रिविक्रमापासून सुरू होऊन बापामागून मुलगा, सगळे विद्वान, असं करत भास्कराचार्य आणि पुढे नातू. ती नावं ऐकताना प्रथम मला आपलं उगाचच वाईट वाटलं, की आमच्या नामावळीत शिकलेलं नाव पहिलं माझंच लागायचं. आणि लगेच फरशीवर पालथा केलेला तो हार आठवला. मी मान खाली घातली.

गोंड्याचं मात्र डोक्यातून जाईना. सात फुलं आणि खाली एक गोंडा. गोंड्यापासून सुरुवात करून फिरून गोंड्यापाशी यायचं, म्हणजे सात फुलांची सरळ रांगच झाली : 5,040. उलटा केला तरी तोच, म्हणून निम्मे, 2,520. मग सहज आठ फुलांचा बिनगोंड्याचा हार काढून पाहिला. 7! चे निम्मे, तेही 2,520! गोंडा म्हणजे आठवं फूलच की. मी अक्षरशः टाळी वाजवली आणि धाकटा भाऊ दचकून उठला.

वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोणत्या गाईडात गोंडा असतो गं?"

तेव्हा सांगितलं. देवळाच्या पायऱ्यांपासून सगळं सांगितलं. सर म्हणाले, "उद्या वर्गात हे तुझ्या आईच्या नावानं घालू का?" मी म्हटलं, "नको, सर." दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव न घेता फळ्यावर लिहिलं : आता याच हाराला गोंडा लावा. वर्ग हसला. मीही हसले, आणि उत्तर माहीत असून हात वर केला नाही.

म्हणून अंकासाठी लेख मागितले तेव्हा मी हा दिला. सात फुलांचा हार मला माझ्या आईने सोडवून दिला. गाईडमध्ये नव्हता.

परवा ओवता ओवता तिने विचारलं, "सा फुलांचं किती गं?"

"साठ."

"आन् गोंडा लावून?"

"तीनशे साठ."

ती जरा थांबली, दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "एवढी गिऱ्हाइकं कुठं हैत!"