शेजारच्या घराची किल्ली



न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेली कुटुंबे आम्हांला नेहमी विचारतात, "इथली माणसे आपली कशी होतात?" हसून बोलावे हे खरेच, पण तेवढ्याने विश्वास बसत नाही. विश्वास कशाने बसतो ते आम्ही क्राइस्टचर्चला पाहिले.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी तिथे मोठा भूकंप झाला. १८५ माणसे मृत्युमुखी पडली. शहराच्या पूर्व भागात जमिनीतून पाणी आणि करडा गाळ वर आला. अंगणे, रस्ते सगळे त्याने भरून गेले. सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर कॅन्टरबरी विद्यापीठातल्या सॅम जॉन्सन या विद्यार्थ्याने फेसबुकवरून मुलांना मदतीची हाक दिली होती. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी' उभी राहिली. या वेळी तर हजारो मुले फावडी घेऊन निघाली.

आमच्या गल्लीतही दहा-बारा जण आले. तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारले नाही. आधी गाळ उपसला, नावे नंतर कळली. ते पाहून आम्हीही फावडे घेतले आणि शेजारच्या आजोबांचे दार मोकळे केले. ते एकटेच राहत. वर्षभर आमची ओळख मान हलवण्यापुरतीच होती. संध्याकाळी आम्ही त्यांना खिचडी नेऊन दिली. पुढे रोज सकाळी त्यांचा पडदा उघडला का, तेवढे बघत राहिलो.

महिन्याभराने आजोबांनी आपल्या घराची एक किल्ली आमच्या हातात ठेवली. आम्ही पुण्याला गेलो तेव्हा आमची किल्ली त्यांच्याकडे होती. आमच्या खिडकीतल्या तुळशीला त्यांनीच पाणी घातले!

मुलांनो, 'मानाकितंगा' हा माओरी शब्द तुम्ही शाळेत ऐकला असेल. दुसऱ्याची काळजी घेऊन त्याचा मान वाढवणे, असा त्याचा अर्थ. त्यातला 'माना' आणि आपला 'मान' यांचे नाते नाही, पण ऐकताना किती जवळचे वाटतात!

त्यासाठी भूकंपाची वाट कशाला पाहायची? शेजारच्या आजींचा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून आत नेऊन ठेवा. अंगणातल्या फिजोआंची एक पिशवी त्यांच्या दाराशी द्या. वर्गात नवीन मूल आले तर त्याला आपल्याजवळ बसवा. आणि हो, काय केलेत आणि पुढे काय झाले, ते पुढच्या अंकासाठी चार ओळींत नक्की लिहून आणा.