आईचा दिवा

बेळगावच्या आमच्या घरी विजेचे बिल फुगून आले, तेव्हा काटकसरीवर आम्ही घरच्यांना लांबलचक व्याख्यान दिले. त्या संध्याकाळपासून आई आपल्या खोलीत अंधारातच जपमाळ ओढीत बसू लागली. चार दिवसांनी आम्ही कागदावर हिशेब मांडला आणि ओशाळलो. तिच्या खोलीतला ९ वॅटचा दिवा एका युनिटात सुमारे १११ तास उजेड देतो. पाणी तापविताना आमचा २००० वॅटचा गीझर तेच युनिट अर्ध्या तासात गिळतो. आणि तो तर आमच्या आळसापायी सकाळभर चालूच असे! आता पाणी तापताच आम्ही तो बंद करतो. तिन्हीसांजेला आईच्या खोलीतला दिवा मात्र स्वतः जाऊन लावतो. “बिल वाढेल रे,” असे ती अजूनही म्हणतेच.