सालीपुरतं संत्रं

संत्र्याचा वास रसात नसतो, सालीत असतो. नागपूरकडच्या पोरांना हे शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं. सोललेल्या सालीची फोड शेजारच्याच्या डोळ्यांसमोर धरून चिमटायची आणि पळत सुटायचं. रात्री वीज गेली की तीच साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडायची. तडतड करत बारीक ठिणग्या उडायच्या आणि खोलीभर वास भरून राहायचा. ज्योतीत पेटायचं ते सालीतलं तेल. केशरी पापुद्र्यावर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. गव्हाच्या बिअरमध्ये संत्रं उतरवायचं म्हणजे हे एवढं तेल उतरवायचं आणि त्याच्या मागोमाग येणारा कडवटपणा, तुरटपणा, घशाला लागणारी खरखर बाहेर ठेवायची. काम थेंबांचं आहे, पण त्यात मन रमतं.

मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनला राहते आणि घरी बिअर बनवते. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि घरच्यापुरती बिअर बनवण्याला केंद्राच्या कायद्याने वाट मोकळी झाली: एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. महाराष्ट्रात परवान्याशिवाय असं काही करता येत नाही, त्यामुळे ही सगळी हकिगत इथलीच. आणि गव्हाच्या पांढऱ्या बिअरबद्दल लिहायला ऑस्टिनइतकं जवळचं गाव बेल्जियमबाहेर दुसरं नसेल.

कारण पियेर सेलिस. बेल्जियममधल्या होगार्डन गावचे हे दूधवाले. एके काळी त्या लहानशा गावात तीसहून जास्त ब्रुअऱ्या होत्या. एकेक करून त्या मिटल्या आणि टॉमसिन यांची शेवटची ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद पडली, तेव्हा विटबिअर नावाची ती गढूळ, फिकी, मसाल्याच्या वासाची बिअर गावातून नाहीशी झाली. सेलिस पोरवयात शेजारच्या त्या ब्रुअरीत हाताखाली राबलेले होते. कृती त्यांना पाहून पाहून माहीत होती. १९६६ मध्ये त्यांनी ती बिअर पुन्हा बनवायला घेतली: निम्मं सातूचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, निम्मा माल्ट न केलेला कच्चा गहू, धने आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल. १९८५ साली त्यांच्या ब्रुअरीला आग लागली. पुन्हा उभं राहायला मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि पुढे सगळाच धंदा तिच्या हाती गेला. सेलिस साठी ओलांडून अमेरिकेत आले आणि १९९२ मध्ये त्यांनी ऑस्टिनला नवी ब्रुअरी काढली. इथलं चुनखडीतून येणारं पाणी त्यांना होगार्डनच्या पाण्यासारखं वाटलं, असं सांगतात. २०११ मध्ये ते गेले. आज जगात जिथे जिथे धने आणि संत्र्याची साल घालून गव्हाची बिअर होते, तिथे तिथे या दूधवाल्याची आठवण काढायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सेलिस वापरत ती साल कुरासाव बेटावरच्या संत्र्यांची म्हणून ओळखली जाते. स्पॅनिश लोकांनी त्या बेटावर संत्र्याची झाडं नेली. कोरड्या, रखरखीत जमिनीत फळ इतकं कडू निपजलं की खाण्याच्या लायकीचं राहिलं नाही, पण सालीचा वास मात्र अप्रतिम निघाला. या सालीचे वाळलेले, हिरवट-करडे तुकडे पाकिटात मिळतात. मला ते पटत नाहीत. त्यात केशरी पापुद्रा थोडा आणि आतला पांढरा थर जास्त असतो, आणि तेल बरंचसं वाटेतच उडून गेलेलं असतं. ताजं फळ हाताशी असताना त्या तुकड्यांकडे वळायचं कारण मला दिसत नाही.

साल किती काढायची? रंग आहे तेवढीच. पांढरं दिसलं की हात थांबला पाहिजे. बाजारातल्या फळांवर मेणाचा हात फिरवलेला असतो, तेव्हा आधी गरम पाण्याने घासून धुवायचं आणि मग बारीक किसणीवर हलक्या हाताने, फळ फिरवत किसायचं. नागपुरी संत्र्याच्या जातीची सैल सालीची फळं इथेही मिळतात. त्यांचा पांढरा थर नाममात्र असतो, पण साल इतकी नाजूक की किसणी सहज आत जाते. जाड सालीच्या गोड संत्र्यावर हात जास्त बिनधास्त चालतो. दोन्ही मिसळून घेतली तर वासही भरदार येतो; सैल सालीच्या संत्र्याचा गोडसर मऊपणा आणि दुसऱ्याचा धारदार ताजेपणा.

कडवटपणाचा एक प्रकार मात्र उशिरा येतो आणि तो आपल्याकडच्या घराघरांत माहीत आहे. मोसंबीचा रस सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवला की संध्याकाळपर्यंत कडू होतो. फळाच्या पांढऱ्या थरात, पाकळ्यांच्या पडद्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. फळ शाबूत आहे तोवर ते गप्प असतं. ते एकदा आंबट रसात उतरलं की हळूहळू त्याचं रूप पालटतं आणि कडू होतं. बिअरही आंबटच असते. म्हणून पांढरं चिकटलेली साल किंवा अख्ख्या फोडी बिअरमध्ये सोडल्या, तर बाटलीत भरताना चव छान लागते आणि पुढे बाटली उघडावी तर जिभेच्या मुळाशी कडू रेघ उमटते. रसाचाही उपयोग नाही. त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे उरतो नुसता आंबटपणा आणि पातळपणा. संत्र्याचं नावही राहत नाही.

मग येतो विस्तवाचा प्रश्न. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, पण संत्रं म्हणून जे नाकाला ओळखू येतं, ते बरंचसं उरलेल्या चार-दोन टक्क्यांत दडलेलं. ही सगळी द्रव्यं वाफेबरोबर निघून जाणारी. धान्याचा रस तासभर उकळतो, त्या भांड्यात सुरुवातीलाच साल टाकली, तर वास स्वयंपाकघराला मिळतो आणि भांड्यात सालीचा काढा उरतो. बासुंदीत वेलदोड्याची पूड शेवटी पडते, त्याच न्यायाने साल शेवटच्या पाच मिनिटांत पडावी. वीस लिटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास ताजा किस मला पुरेसा वाटतो. तेवढाही वास सगळा टिकत नाही, कारण पुढे आंबण्याच्या जोरात निघणारा वायू त्यातला काही भाग सोबत घेऊन जातो. पण जे राहतं ते मुरलेलं असतं, बिअरच्या अंगाला लागलेलं.

खरखरीचा दोष दर वेळी सालीवर ढकलणंही बरोबर नाही. गव्हाची बिअर अंगाने नाजूक; तिच्यात काही लपत नाही. धान्याचा शेवटचा रस काढताना पाणी ७७ अंशांच्या वर गेलं किंवा रसाची आम्लता फार उतरली, तर सातूच्या टरफलांतला तुरटपणा उतरतो. गव्हाला टरफल नसल्यामुळे मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं धान्य, चिकट होऊन अडकतो, म्हणून त्यात मूठ-दोन मूठ भाताचा तूस घालतात. तो आधी धुतलेला बरा. ऑस्टिनच्या नळाच्या पाण्यात क्लोरामीन असतं, ते घालवलं नाही तर बिअरला औषधी वास येतो आणि पिणारा म्हणतो, साल जास्त झाली. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडूपणा तर आवरलाच पाहिजे. आंबट आणि कडू दोघंही जोरात असले की जिभेवर भांडण लागतं. आपण ज्याला उग्र म्हणतो, ते बहुतेक वेळा हे भांडण असतं. विटबिअरचा कडूपणा आयबीयू या कडूपणाच्या मापाने १० ते १५ च्या घरात ठेवायचा, साझसारखे सौम्य हॉप्स घ्यायचे आणि तेही सुरुवातीलाच एकदा. शिवाय टेक्सासचा उन्हाळा. यीस्ट तिशीत तापलं की जड अल्कोहोलं तयार होतात आणि घोट घशाला चटका देतो. वीस अंशांच्या आसपास ठेवलं तर तेच यीस्ट लवंगेची हलकी झाक आणि फळांचा वास देतं.

आता धने. मला विचाराल तर या बिअरमधलं निम्मं संत्रं धन्यातून येतं. धन्याच्या तेलाचा मोठा भाग म्हणजे लिनलूल. फुलासारखा, किंचित लिंबाळ वास. हेच द्रव्य संत्र्यातही थोडं असतं आणि हॉप्समध्येही. धन्यात थोडं जेरॅनिऑलही असतं, गुलाबाच्या वळणाचं. आंबताना यीस्ट त्यातल्या काहीचं सिट्रोनेलॉल करतं आणि वास लिंबाकडे झुकतो. म्हणजे संत्रं बाहेरून आणून घालायचं तितकंच आत तयारही होऊ द्यायचं. त्यातही धने आपले. युरोपी-मोरोक्कन धने बारीक, गोल, तपकिरी आणि कधीकधी साबणासारखे, कधी मांसाच्या मसाल्यासारखे लागतात. भारतीय धने लांबट, फिकट, हिरवट-पिवळे. त्यांचा वास गोड, लिंबाळ. इथले जाणते लोक विटबिअरसाठी मुद्दाम भारतीय वाण्याच्या दुकानातून धने आणतात.

गेल्या वेळी आत्या आली होती, तेव्हा मी खलबत्त्यात धने नुसते फोडत होते. ती वास घेत जवळ आली.

"अगं, एवढे धने कशात?"

"बिअरमध्ये, आत्या."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग चिमटीत दोन दाणे घेऊन तिने चुरडले.

"मग भाजू नकोस हो. भाजलेस की त्यांची भाजी होते. आणि पूड नको करूस, दोन फाकाच कर."

बिअर तिने जन्मात चाखलेली नाही, पण धने तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. भाजल्यावर धन्याचा खमंगपणा वर येतो आणि फुलाचा वास मागे पडतो. पूड केली तर टरफलाचा तुरटपणा उतरतो आणि तेल उघड्यावर लवकर उडतं. वीस लिटरला बारा-पंधरा ग्रॅम, फोडलेले, सालीबरोबर शेवटच्या पाच मिनिटांत. यापुढे गेलं की बिअर बिअर राहत नाही.

एवढं करूनही संत्र्याचा पहिला दरवळ, ग्लास नाकाशी नेताच जो यायला हवा, तो कधीकधी कमी पडतो. त्यासाठी वोडका. तेल पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळतं. दोन संत्र्यांचा केशरी किस १०० मिलीलिटर वोडकात घालून बाटली घट्ट बंद करायची आणि तीन-चार दिवस अंधारात ठेवायची. मग गाळून घ्यायची. हा अर्क आंबणं पूर्ण झाल्यावर, बाटल्या भरण्याच्या दिवशी घालायचा, म्हणजे त्याला ना उष्णता लागते ना वायू पळवून नेतो. आणि मोजून घालायचा. बिअरचे तीन-चार ग्लास घ्यायचे, प्रत्येकात १०० मिलीलिटर, एकात ०.१ मिलीलिटर अर्क, दुसऱ्यात ०.२, तिसऱ्यात ०.३. शांतपणे चाखायचं. ज्यात संत्रं ओळखू येतं पण गहू अजून ऐकू येतो, तो ग्लास धरायचा. ०.२ आवडलं तर वीस लिटरला ४० मिलीलिटर. दोन ग्लासांत मन अडकलं तर कमीचा घ्यावा, कारण तेल जास्त झालं की फेसही लवकर बसतो, आणि जुन्या झालेल्या बिअरमध्ये हेच तेल हवेशी जुळून वार्निशासारखं लागायला लागतं. ही बिअर साठवण्याची नाही. ताजी असताना पिण्याची आहे.

ग्लासच्या कडेला संत्र्याची किंवा लिंबाची चकती खोचायची रीत इथल्या बारमध्ये आहे. मी ती लावत नाही. चकतीचं तेल फेस मोडतं, तिचा आंबट रस वरून पडतो आणि आतलं सगळं मोजमाप बिघडतं. ज्या बिअरला चकती लागते, तिच्या सालीत काहीतरी कमी राहिलेलं असतं.

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रँडच्या खोऱ्यात लाल ग्रेपफ्रूट होतं. १९९३ पासून ते या राज्याचं अधिकृत फळ आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी ते बाजारात आलं की माझी नजर त्याच्याकडे जाते. त्याच्या सालीचा वास भेदक, रानटी, आपल्या पापनसाची आठवण देणारा. पण पांढऱ्या थरात नॅरिंजिन हे कडू द्रव्य भरलेलं, आणि ते अल्कोहोलातही सहज उतरतं. तेव्हा यंदा त्याची साल उकळत्या भांड्याला दाखवायची नाही. उकळीत नेहमीसारखं संत्रं आणि धने. ग्रेपफ्रूटचा फक्त वरचा रंग, वोडकात, तोही एकच रात्र. हॉप्स दहा आयबीयूवर आणायचे. आणि बाटल्या भरण्याच्या दिवशी ०.१ च्याही खाली, ०.०५ पासून चाखायला सुरुवात करायची.