पाऊण तोळ्याची गोळी

आमच्या लहानपणी बाजारातले मटण बिनघोर चावता येई. अब्बांनी मारलेला ससा किंवा भेकर शिजले की मात्र सावकाश खावे लागे. दाताखाली छर्रा कधी येईल याचा नेम नसे. आम्ही दोघे भाऊ ते छर्रे ताटाच्या कडेला मांडून मोजायचो. ज्याचे जास्त, तो जिंकला. अम्मी एवढेच म्हणायची, "गिळू नका रे." शिसे शरीरात गेले तर काय होते, हे आमच्या त्या खाडीकाठच्या गावात कोणाला ठाऊक होते?

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. अब्बांनी बंदुकीला तेल लावले, ती कपाटात ठेवली आणि पुन्हा कधी जंगलात नेली नाही. आमचे शिकारीचे शिक्षण तिथेच थांबले. दोनच गोष्टी त्यातून उरल्या. बिस्मिल्लाह म्हटल्याशिवाय बार काढायचा नाही, आणि बार काढताच सुरी घेऊन धावायचे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने आमच्यातला थोरला अलास्कात अँकरेजला गेला आणि काही वर्षांनी धाकटाही. तिथे शिकार ही नवाबी हौस नाही. शेजारीपाजारी मूस हरणाच्या मांसाने आणि सामन मासळीने फ्रीझर भरतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये रँगल पर्वतात डॉल मेंढ्याच्या शिकारीला जायचे, असे आम्ही ठरवले. हा पांढराशुभ्र पहाडी मेंढा कड्यांवर राहतो. वजनाने तो तीनशे पौंडांच्या आतच असतो. तिथल्या बहुतेक भागांत कायदा असा, की नराच्या शिंगाचा वेढा पूर्ण झालेला हवा, किंवा दोन्ही शिंगांची टोके तुटलेली हवीत, किंवा शिंगावरच्या वर्षवळ्यांवरून वय किमान आठ भरायला हवे.

बंदुका दोन होत्या. थोरल्याची '.३०-०६', धाकट्याची '.२७०' विंचेस्टर. दुसरीचे काडतूस १९२५ साली बाजारात आले आणि जॅक ओ'कॉनर या लेखकाने ते पहाडी मेंढ्यांच्या शिकारीसाठी नावाजले. गोळ्यांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. इंग्रजांनी तोळा बांधला तो नेमका १८० ग्रेनचा. म्हणजे थोरल्याची १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळा आणि धाकट्याची १३० ग्रेनची पाऊण तोळ्याला थोडी कमी. थोरला म्हणाला, "त्या डोंगरात अस्वलेही आहेत. तोळाभर असू दे." धाकटा म्हणाला, "भाई, अस्वलासाठी मेंढ्याला कशाला जड गोळी? हलकी गोळी सपाट जाते, धक्काही कमी देते." २०० यार्डांवर नेम बसवलेली त्याची गोळी ३०० यार्डांवर सहा-सात इंच खाली उतरते. आमच्यासारख्या बेताच्या नेमबाजांना तेवढा हिशेब झेपण्यासारखा होता. पाऊण तोळा ठरला.

पण खरा पेच वजनाचा नव्हताच. त्याच वर्षी मार्चमध्ये नॉर्थ डकोटातून बातमी आली होती. दान म्हणून दिलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटे एका डॉक्टरने सीटी स्कॅनखाली घातली, तर बऱ्याच पाकिटांत धातूचे कण दिसले. ते मांस गरिबांना वाटू नका, असे राज्याच्या आरोग्य खात्याने कळवले. शिशाची गोळी आत शिरताच फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून वीतभर दूरही जातात. छर्रा दाताला लागतो तरी, हे कण लागतही नाहीत. पुढे तिथल्या लोकांचे रक्त तपासले. शिसे तेव्हाच्या धोक्याच्या पातळीखाली निघाले, पण शिकारीचे मांस खाणाऱ्यांत किंचित जास्त होते. मुलांच्या बाबतीत तर शिशाची बिनधोक अशी पातळीच सापडलेली नाही. धाकट्याची मुलगी तीन वर्षांची होती आणि भाभीला सातवा महिना लागला होता.

पर्याय होता अखंड तांब्याच्या गोळीचा. ती फुटत नाही, टोकाशी पाकळ्यांसारखी उमलते आणि जवळजवळ सगळे वजन राखून पार जाते. पण ती महाग, आणि वेग कमी पडला तर नीट उमलत नाही. म्हणून फार लांबून मारायची नाही.

दुकानातला माणूस काउंटरवर दोन्ही खोकी ठेवून समजावत होता, "ही आत जाऊन फुटते, ही भोसकून पार जाते." आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न तर मदरशातला! फिक्हच्या जुन्या किताबांत लिहिलेले असते, की गलोलीच्या गोळीने मेलेले पाखरू हलाल नाही, कारण ती ठेचते. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेला बाण भोसकतो, म्हणून त्याची शिकार हलाल. रायफलच्या गोळीला यातले काय मानायचे? आपल्याकडचे बरेच उलेमा म्हणतात, जनावर जिवंत सापडून जबह झाले तरच खा. अरब मुलखातले अनेक उलेमा गोळीला भोसकणारी मानतात आणि खायला परवानगी देतात.

डोंगरात सुरी घेऊन धावायला अब्बांचे माळरान नव्हते. म्हणून थोरल्याने अट घातली. "काय मानायचे ते इथे, घरी ठरवू. मेंढा पडल्यावर मसला शोधला तर तो मसला नव्हे, सोय." दोन रात्री आम्ही वाद घातला. शेवटी ठरले ते असे: गोळी तांब्याचीच, अंतर अडीचशे यार्डांच्या आत, बिस्मिल्लाह म्हणूनच घोडा दाबायचा आणि पोचेपर्यंत जीव असेल तर जबह करायचे. नसेल तर भोसकणाऱ्या शस्त्राचा हुकूम धरायचा. नेमाच्या मैदानावर तांब्याच्या गोळ्यांनी आधी निराशा केली. शंभर यार्डांवर तीन इंच फाकल्या. नळी घासूनपुसून साफ केली, तेव्हा दीड इंचावर आल्या.

तिसऱ्या दिवशी मेंढा दिसला. थोरल्याने दुर्बिणीतून वळ्या तीनदा मोजल्या. नऊ. अंतर २१० यार्ड. धाकट्याने बार काढला, मेंढा पाच पावले चालला आणि बसला. मधली घळ उतरून चढायला पंचवीस मिनिटे लागली. थोरल्याच्या हातात सुरी होती. जीव गेला होता. तो काही वेळ तसाच उभा राहिला, मग सुरी पुसून म्यानात घातली. ठरलेले मोडले नाही. पण त्या दिवशी तो फारसे बोलला नाही.

मांस आधी, शिंगे मागून, हा तिथला कायदा. दोन दिवस पाठीवर वाहून आणले.

आता ती मुलगी विशीत आहे आणि थोरल्याचे गुडघे कड्याला नको म्हणतात. कडक हिवाळ्यांनी डॉल मेंढ्यांची संख्याही बरीच घटली आहे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीला बंदी आहे. अलास्कात रायफलसाठी तशी सक्ती नाही. आमच्या घरात आहे.

त्या पहिल्या रात्रीचे जेवण मात्र आठवते. मुलगी भराभर खात होती. आम्ही दोघे हळूहळू चावत होतो, जिभेने काहीतरी शोधत. ताटाच्या कडा रिकाम्याच राहिल्या.