शिसवी, तेल आणि मामाचे खड्डे

गुरुवारी ऑफिसात रिलीजची धावपळ चालू असताना सांगलीहून मामाचा फोन आला. सोमवारी पुण्यात डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, तो आणि मामी रविवारी सकाळी पोचतायत, स्टेशनवर यायची गरज नाही वगैरे सांगून झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "गिटार आहे ना रे माझी?"

"म्हणजे काय! आहे की."

आहे हे खरंच होतं. कशी आहे ते मात्र मला माहीत नव्हतं.

ही गिटार मामाने १९७८ साली घेतली. कलकत्त्याची, साधी अकूस्टिक. मामा काही व्यावसायिक वादक नव्हे. बँकेत नोकरी, आणि संध्याकाळी गणपती, गॅदरिंग, कुणाचं तरी लग्न, असं सगळीकडे ऱ्हिदम गिटार वाजवायचा. २०१६ साली त्याचा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्सचं निदान झालं, तेव्हा त्याने ती मला दिली. म्हणाला, "माझ्याकडे नुसती पडून राहील." मग ती माझ्याकडे नुसती पडून राहिली. बेडरूममध्ये, कपाटावर, एसीच्या बरोब्बर समोर.

गुरुवारी रात्री खाली काढली. धूळ पुसली आणि सवयीने डाव्या हाताने मान धरून वर सरकवली, तर तळहाताला करवतीसारखं काहीतरी टोचलं. फ्रेट्स, म्हणजे सतारीला पडदे असतात तशा त्या आडव्या धातूच्या पट्ट्या, दोन्ही कडांनी किंचित बाहेर आल्या होत्या. मधलं लाकूड राखेसारखं फिकट दिसत होतं. आणि जिथे फिकट नव्हतं तिथे काळा, चिकट मळ.

तो चिकटपणा कुठून आला ते मला चांगलंच ठाऊक होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी जसं काहीतरी नवीन शिकायचं ठरवलं तसं मीही ठरवलं होतं. तेव्हाही लाकूड कोरडं दिसलं होतं. घरात होतं ते खोबरेल तेल सढळ हाताने चोपडलं. दोन दिवस फिंगरबोर्ड असा चमकला की मी फोटो काढून मित्रांना पाठवले. डिसेंबरात त्याच तेलाचा पांढरट थर फ्रेट्सच्या कडेला गोठला, पुढे त्यावर धूळ बसली, आणि माझा उत्साह तर त्याच्याही आधी गोठला होता. असो.

शनिवारी सकाळी गिटार घेऊन पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"खोबरेल?"

"हो."

"डोक्याला लावा हो. हिला कशाला?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला एखाद्या चांगल्या सीनियरने कोड रिव्ह्यूमध्ये झापावं तसं वाटलं. मी पाच वर्षांपूर्वी लक्षणावर इलाज केला होता, कारण शोधलंच नव्हतं. लाकूड कोरडं पडतं ते तेल संपतं म्हणून नाही, त्यातला ओलावा जातो म्हणून. हवा कोरडी झाली की लाकूड आपल्यातलं पाणी हवेला देतं आणि आक्रसतं. तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. धातूची फ्रेट मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून तिची टोकं बाहेर येतात. म्हणजे फ्रेट वाढलेली नसते, बोर्ड बारीक झालेला असतो. पुण्यातला एप्रिल-मे आधीच कोरडा ठक्क, त्यात रोज रात्री आठ तास एसी. मी वरून तेल ओतून गेलेलं पाणी परत येणार नव्हतं. तेल फार तर ही देवाणघेवाण थोडी मंदावतं आणि लाकडाचा रंग खुलवतं.

"टोकं घासून देता का?" मी विचारलं.

"आत्ता नाही. आधी दोन-तीन आठवडे ओलावा द्या. लाकूड परत फुगलं तर निम्मी टोकं आपोआप आत जातील. उरतील ती मग फाइलने घासू. आज घासली तर पावसाळ्यात आखूड पडतील."

उपाय एकदम घरगुती. प्लास्टिकच्या साबणदाणीला भोकं पाडायची, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेवायचा, आणि ती डबी गिटारच्या केसमध्ये, लाकडाला पाणी लागणार नाही अशी. शेजारी एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला की झालं. पावसाळ्यात स्पंज काढायचा आणि उलट सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या.

मग काकांनी फिंगरबोर्डवरून अंगठा फिरवला आणि थांबले. "खड्डे बरेच पडलेत. सोमवारी ठेवून जा. बोर्ड रंधून सपाट करतो, नवीन फ्रेट्स टाकतो. नवीकोरी होईल."

खड्डे मी लहानपणापासून बघतोय. पहिल्या तीन पडद्यांमध्ये, तारांच्या खाली, लाकूड चमच्याने कोरल्यासारखं झिजलंय. सी, ए मायनर, जी, डी.. चाळीसेक वर्षं त्याच त्याच जागी बोटांची टोकं आणि नखं घासून घासून झालेले ते खड्डे. दुरुस्तीच्या भाषेत ती झीज. काकांचं काही चुकत नव्हतं. पण मी म्हटलं, विचार करून सांगतो.

निघताना ते म्हणाले, "रंधायचं नसेल तरी जपा. शिसवी आहे ही." शिसवी म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया. आपल्या सह्याद्रीतही वाढते, आणि जुन्या वाड्यांतल्या जड जड पलंगांमुळे आपल्याला नावाने माहीत असते. उत्तरेतलं शीशम हे तिचं भावंड. बेसुमार तोडीमुळे २ जानेवारी २०१७ पासून ही सगळी डालबर्जिया जातकुळी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आली. गिटार देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रं लागायला लागली, आणि काही कंपन्या पाऊ फेरोसारख्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. लाकूड काही त्यामुळे भराभर वाढायला लागलं नाही.

तर शनिवारी दुपारी जेवण उरकून बसलो. कुणाला करायचं असेल तर क्रम सांगतो.

सगळ्या तारा सैल करून काढल्या. या गिटारचा ब्रिज चिकटवलेला आहे म्हणून एकदम काढता येतात. ज्यांचा ब्रिज नुसत्या तारांच्या दाबावर उभा असतो त्यांनी एकेक तार बदलत जावं. मधल्या गोल भोकावर मास्किंग टेप लावली. मग जुना टूथब्रश, आणि फ्रेटच्या कडेला साचलेल्या मळासाठी लाकडी टूथपिक. चाकू, ब्लेड अजिबात नाही. किंचित दमट फडकं, लगेच त्यामागून कोरडं. त्यानंतर स्टील वूल, तेही सगळ्यात बारीक, चार शून्यवालं. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने. फ्रेट्सही त्यानेच लखलखतात. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप्स झाकल्याशिवाय हे करू नका, लोखंडाचा सगळा चुरा चुंबकाला जाऊन चिकटतो. आणि मेपलचा लॅकर मारलेला पिवळसर फिंगरबोर्ड असेल तर यातलं काहीच नको, नुसतं फडकं पुरे. तिथे तेल आत जातच नाही.

फडकं आधी तपकिरी झालं, मग काळं. आणि पाचव्या फ्रेटकडून पहिलीकडे येता येता माझा हात आखडला. हा मळ म्हणजे काय होतं? घाम, धूळ, त्वचा. त्यात माझं खोबरेल किती आणि मामाची चाळीस वर्षं किती, हे वेगळं काढायची काही सोय नव्हती. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ असते, कॉमेंट नसते, आणि लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो. ती डिलीट करताना पोटात जसा गोळा येतो, तसं झालं. फरक एवढाच की इथे लिहिणारा उद्या सकाळी सात वाजता घरी पोचणार होता.

शेवटी ठरवलं. वरून आलेला मळ काढायचा, लाकडाला धक्का लावायचा नाही. खड्ड्यांमध्ये स्टील वूल घातलं नाही, नुसता ब्रश फिरवला. मळ गेल्यावर खड्डे आणखी स्पष्ट दिसायला लागले.

मग तेल. बाजारात 'लेमन ऑइल' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा खनिज तेल आणि लिंबाचा वास. ते वापरलं. खनिज तेल खवट होत नाही. जवसाचं तेल सुकून कडक होतं, आणि त्यात भिजलेलं फडकं गोळा करून टाकलं तर आपोआप पेटूही शकतं, म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही. चार थेंब फडक्यावर, बोर्डवर थेट नाही. पातळ हात फिरवून दहा मिनिटं थांबलो. मग पुसलं. मग परत पुसलं. तेल लावणं हे काम दोन मिनिटांचं, उरलेलं सगळं पुसणं. जास्तीचं तेल फ्रेटच्या खाचांत उतरतं आणि पुढे त्रास देतं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, बास. राखेचा रंग गेला आणि खालून गडद, जांभळट तपकिरी शिसवी वर आली.

रविवारी मामा आला. चहा व्हायच्या आत म्हणाला, "आण." वास घेतला. (सगळेच आधी वास का घेतात?)

"काय लावलंस?"

मी बाटली दाखवली. किंमत सांगितल्यावर हसायला लागला. "मी हिच्या मशीनचं तेल लावायचो की!" मामीच्या शिवणयंत्राचं. मामी म्हणाली, "तरीच बाटली संपायची." म्हणजे त्याचंही मुख्यतः खनिज तेलच. मी मात्र त्याच जातीचं तेल वासासकट विकत घेतलं होतं :)

मग त्याने गिटार मांडीवर घेतली. "टोचतंय रे," म्हणाला. मी सांगितलं, अजून तीन आठवडे लागतील. काका बोर्ड रंधून नवा करून देतो म्हणतायत हेही सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याचा डावा हात मांडीवर असताना थरथरत होता. तो त्याने उचलला, मानेखाली नेला, आणि न बघता तीन बोटं खड्ड्यांत ठेवली. सी. त्याचा कंप हात स्वस्थ असताना जास्त आणि काम करताना कमी असतो, असं डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. बोटं बसली आणि हात थांबला.

"उजवा नाही जमत. तू मार," म्हणाला.

मी शेजारी बसून तारा छेडल्या. तो कॉर्ड बदलत गेला, मी छेडत गेलो. सी, ए मायनर, डी मायनर, जी. साताठ मिनिटं चाललं असेल. मग थकला.

गिटार परत देताना पहिल्या पडद्यावर, जाड तारांच्या खाली बोट ठेवून म्हणाला, "इथं बघ, लाकूड कोरं आहे. एफ मला जन्मात नीट लागला नाही. आला की मी तोंडाने गाणं मोठ्याने म्हणायचो." मामी आतून म्हणाली, "आम्हाला माहीत होतं ते."

काकांना फोन करून सांगितलं, रंधायचं नाही, फक्त टोकं. गिटार आता एसीच्या खोलीतून बाहेर, केसमध्ये, साबणदाणीसकट आहे. काल मापक ४६ दाखवत होता. तेलाचं रिमाइंडर पुढच्या मार्चचं लावलंय. तोपर्यंत त्या कोऱ्या जागेवर रोज दहा मिनिटं एफ. अजून नीट लागत नाही.