टाइलमागची भिंत



बाथरूमचं काम काढलं की आपण आधी टाइल्सचा रंग ठरवतो. आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आंघोळ करत असताना एक टाइल सुटून थेट त्यांच्या पायाशी फुटली, म्हणून मी रंगाआधी भिंत पाहिली. मागे काळी बुरशी! इरियावहीत आपण रोज ‘पणग’ म्हणतो ना, ती हीच. रोज तिची क्षमा मागायची आणि घरात तिला ओलावा पुरवत राहायचं, हे मनाला पटेना.

मिस्त्री म्हणाला, “ताई, जुन्यावरच नवीन चिकटवतो, दोन दिवसांत मोकळं.” चातुर्मास तोंडावर आला होता, तरी मी नाही म्हटलं.

आठवडाभर त्या बाथरूमचा नळ बंद ठेवून भिंत सुकू दिली. कोपरे पूंजणीने पुंजून घेतले, मगच छिन्नी लावली. ठोकल्यावर पोकळ वाजलं तिथलं प्लास्टर विटेपर्यंत काढलं. पाइप बुजवण्याआधी दाब देऊन तपासले. नवं प्लास्टर ओळंब्यात केलं, पण गुळगुळीत घोटू दिलं नाही. टाइलला खरबरीत भिंतच धरून ठेवते. सात दिवस पाणी मारलं. भिंत सुकल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, एक आडवा, एक उभा. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा गोलसर करून घेतला, कारण पाणी तिथूनच वाट काढतं.

मग जाळी बंद करून 24 तास पाणी साठवलं आणि खालच्या काकूंचं छत पाहिलं. कोरडं! पिंपरी-चिंचवडला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. ते साठवलेलं पाणी सोडून देववेना. बादल्यांनी उपसून जिना धुतला.

आणखी एक. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर तिची पकड बसत नाही. तिला टाइल अॅडेसिव्हच हवं. पिशवीवर आयएस 15477 लिहिलंय का ते बघा.

दोन दिवसांचं काम महिन्यावर गेलं. जयणा पाळायची तर घाई सोडावी लागते, हे आपण पाणी गाळताना शिकलेलोच आहोत. मिस्त्री बोलवाल तेव्हा टाइलचा भाव मागाहून विचारा. भिंतीला किती दिवस देणार, ते आधी विचारा.