बिनव्याजी

तलासरी तालुक्यातल्या आमच्या झरीत कर्जाचा विषय निघाला की आमच्या घरी आज्याचं लग्न आठवतं. लग्नासाठी त्याने सावकाराकडून थोडे पैसे उचलले आणि आजा-आजी दोघंही सावकाराचे लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी बांधलेले वेठबिगार, झाले. वर्षानुवर्षं राबले, तरी मजुरी कर्जातून कधी वळती झाली नाही. 1945 च्या मे महिन्यात आदिवासींच्या लढ्याचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत हजारो वारली याच झरीत जमले. वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारून द्यायचं ठरलं. त्या लढ्याने आजा-आजी सुटले.

त्यामुळे माझ्या नर्सिंगच्या फीसाठी एका विश्वस्त संस्थेने बिनव्याजी कर्ज देऊ केलं, तेव्हा बाबा सही करेनात. संस्थेच्या बाई स्वतः घरी आल्या. फी थेट कॉलेजात भरायची, नोकरी लागल्यावर हप्ते सुरू, असं एकेक कलम त्यांनी वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, "नाही फिटलं तर पोरीला कामाला न्याल का?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी लिहिलं, ‘कर्जापोटी कोणतंही काम करून घेतलं जाणार नाही.’ खाली आधी स्वतःची सही केली. मग बाबांनी केली. आमच्या शाळेतले गुरुजी जामीन राहिले.

दानाऐवजी कर्ज देण्याची ही पद्धत जुनी आहे. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच. अमेरिकेत फोर्ड फाउंडेशनने 1968 पासून देणग्यांच्या जोडीला सामाजिक कामांत कर्ज आणि गुंतवणूक सुरू केली. दान एकदा खर्च होतं. फिरता निधी परत येतो आणि पुन्हा कुणाच्या तरी कामी येतो. माझे हप्ते तलासरीच्याच एका मुलाच्या आयटीआयच्या फीला गेले, हे बाईंनी आवर्जून कळवलं. नुसती मदत मिळाली असती तर मी लाभार्थी राहिले असते. कर्जाने मला देणाऱ्यांत बसवलं.

पण पुढे कमाई उभी राहणार असेल तिथेच कर्ज द्यावं. दवाखान्यात मी रोज पाहते, आजारपणात आणि उपासमारीत माणसाला दानच हवं. तिथे बिनव्याजी कर्जसुद्धा गळ्याला फास होतं.

पैसे केव्हाच फिटले. बाबांच्या भीतीला बाईंनी दिलेला मान मात्र न फिटणारा आहे. आता गावातल्या मुलींना मी जामीन राहते. सहीआधी त्यांच्या आईबापांना मनातलं सगळं विचारू देते आणि उत्तर कागदावर लिहून घेते.